केंद्राचा कायदा वरचढ ठरतो, तो नेमका कधी?

१९५१ साली तेव्हाच्या मुंबई राज्यात, आज गुजरातमध्ये असलेल्या भागात, एका माणसाने परवान्याशिवाय पंधरा मण ज्वारी आपल्या गावाहून मांडवीला नेली आणि तो पकडला गेला. धान्याच्या वाहतुकीवर तेव्हा कडक निर्बंध होते. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याने त्याला दोषी ठरवले. अपिलात त्याने मांडलेला मुद्दा वरवर पाहता विचित्र वाटतो: आपल्याला अधिक कठोर कायदा लागू होतो, असे त्याचे म्हणणे होते. जीवनावश्यक वस्तूंविषयीच्या १९४६ च्या केंद्रीय कायद्यात अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये आपला स्वतंत्र कायदा करून ती सात वर्षांपर्यंत वाढवली होती आणि त्या कायद्याला गव्हर्नर जनरलची संमतीही मिळवली होती. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा चालवण्याचा अधिकार त्या दंडाधिकाऱ्याला नव्हता, तो सत्र न्यायालयापुढे जायला हवा होता. म्हणून मुंबईचा कायदा लागू असेल, तर खटलाच अधिकाराबाहेर चालला असे ठरून शिक्षा रद्द झाली असती.

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हा मुद्दा फेटाळला. संसदेने १९५० मध्ये केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून शिक्षेची संपूर्ण योजना नव्याने आखली होती. कोणत्या गुन्ह्याला किती शिक्षा, याचा विचार संसदेने स्वतः करून झाल्यावर त्याच विषयावरचा मुंबईचा जुना कायदा मागे पडला, असे न्यायालय म्हणाले. गव्हर्नर जनरलच्या संमतीने त्या कायद्याला काही काळ केंद्रीय कायद्यापेक्षा वरचे स्थान मिळाले होते, हे खरे होते. मात्र संसदेने त्या विषयाला पुन्हा हात घातला, त्या दिवशी ते स्थान संपले.

संघराज्यात केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्यावर मात करतो, हे वाक्य नागरिकशास्त्राच्या पुस्तकापासून वृत्तवाहिन्यांवरील चर्चेपर्यंत सर्वत्र इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यामागे किती अटी दडलेल्या आहेत याचा विसर पडतो. ज्वारीच्या या खटल्यात त्यांतील बहुतेक अटी एकत्र आलेल्या दिसतात. दोन्ही कायदे एकाच विषयाचे होते, तो विषय दोन्ही विधिमंडळांच्या अधिकारातला होता, राज्याच्या कायद्याला विशेष संमती होती आणि कोणता कायदा कधी झाला, या क्रमालाही महत्त्व होते. यांतील एक जरी गोष्ट वेगळी असती, तरी निकाल वेगळा लागू शकला असता. माझे म्हणणे एवढेच आहे की, केंद्रीय कायद्याचे वर्चस्व हा नियम आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच अरुंद आहे. जिथे तो पसरतो, तिथे ‘विसंगती’ या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी रुंद केल्यामुळे पसरतो.

पहिली अट अधिकाराची. केंद्रीय कायदा केंद्राचा आहे एवढ्यानेच तो श्रेष्ठ ठरत नाही. केंद्राला त्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार मुळात असावा लागतो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २४६ ने विषयांची विभागणी सातव्या अनुसूचीतील तीन सूच्यांमध्ये केली आहे. मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांच्याही अधिकारातल्या विषयांच्या सूचीत, ४७ नोंदी होत्या. राज्यसूचीतील विषयावर संसदेने सामान्य परिस्थितीत कायदा केला, तर राज्याच्या कायद्याशी त्याची तुलना करण्याची वेळच येत नाही, कारण संसदेचा कायदाच अधिकाराबाहेरचा म्हणून पडतो. विसंगतीचा नियम सांगणारा अनुच्छेद २५४ प्रामुख्याने समवर्ती सूचीपुरता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या हेक्स्ट फार्मास्युटिकल्स खटल्यात स्पष्ट केले. बिहारने मोठी उलाढाल असलेल्या विक्रेत्यांवर विक्रीकराखेरीज अधिभार लावला होता आणि तो ग्राहकाकडून वसूल करण्यास मनाई केली होती. औषधांच्या किमती मात्र केंद्राच्या आदेशाने ठरत होत्या, आणि त्या आदेशानुसार औषध कंपन्यांना स्थानिक कर ग्राहकाकडून घेता येत होता. एक सरकार ‘घ्या’ म्हणते आणि दुसरे ‘घेऊ नका’ म्हणते, याहून स्पष्ट संघर्ष कोणता, असा कंपन्यांचा प्रश्न होता. न्यायालयाने उत्तर दिले ते असे, की विक्रीवरचा कर हा राज्यसूचीतला विषय आहे, किमतींचे नियंत्रण हा वेगळा विषय आहे, आणि दोन वेगळ्या क्षेत्रांतील कायद्यांची टक्कर अनुच्छेद २५४ च्या कक्षेत येतच नाही. बिहारचा अधिभार टिकला.

जर्मनीत हाच धडा बर्लिनच्या घरभाड्यांच्या निमित्ताने मिळाला. बर्लिन हे शहर स्वतःच एक घटक राज्य आहे. तिथल्या विधिमंडळाने २०२० मध्ये कायदा करून बहुतेक घरांची भाडी जून २०१९ च्या पातळीवर पाच वर्षांसाठी गोठवली. जर्मन राज्यघटनेचा अनुच्छेद ३१ एका ओळीचा आहे: संघीय कायदा राज्याच्या कायद्यावर मात करतो. त्यामुळे संघीय घटना न्यायालय या अनुच्छेदाचा आधार घेईल, असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालाचा भर दुसरीकडेच होता. भाड्यांचा विषय जर्मनीतही दोघांच्या सामाईक अधिकारातला आहे. परंतु तिथे केंद्राने एखाद्या विषयाची संपूर्ण मांडणी करून टाकली, की राज्यांचा त्या विषयावरील अधिकारच उरत नाही. केंद्रीय नागरी संहितेत भाड्यांविषयीचे नियम परिपूर्ण आहेत, म्हणून बर्लिनला हा कायदा करताच येत नव्हता, असे न्यायालय म्हणाले. दोन वैध कायद्यांपैकी श्रेष्ठ कोणता, या प्रश्नापर्यंत प्रकरण गेलेच नाही. ज्यांनी त्या काळात कमी भाडे भरले होते, त्या भाडेकरूंपुढे मात्र फरकाची रक्कम परत भरण्याचा प्रश्न उभा राहिला. घटनात्मक तत्त्वांची झळ शेवटी कुणाला लागते, ते यात दिसते.

बेल्जियमने तर असा श्रेष्ठत्वाचा सर्वसाधारण नियमच ठेवलेला नाही. तिथे संघीय कायदा आणि प्रदेशांचे वा भाषिक समुदायांचे कायदे समान दर्जाचे आहेत, आणि प्रत्येक विषय शक्यतो एकाच सत्तेकडे सोपवलेला आहे. अधिकारांची विभागणी पुरेशी काटेकोर केली, की वर-खाली ठरवण्याची गरज पडणार नाही, ही त्यामागची कल्पना. ती कल्पना प्रत्यक्षात कितपत सुबक चालते हा वेगळा विषय आहे. पण वर्चस्वाच्या नियमावाचून संघराज्य असूच शकत नाही, ही समजूत तरी त्यामुळे दूर व्हावी.

हा नियम लिखित घटनेत प्रथम आला तो अमेरिकेत, आणि तो कसा आला ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेची घटना तयार करणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात जेम्स मॅडिसन यांना राज्यांच्या कायद्यांवर राष्ट्रीय विधिमंडळाचा नकाराधिकार हवा होता. राज्याने केलेला कायदा काँग्रेसला, म्हणजे या राष्ट्रीय विधिमंडळाला, अयोग्य वाटला, तर तिने तो तिथेच रद्द करावा, अशी ती योजना होती. १७ जुलै रोजी अधिवेशनाने ती नाकारली, आणि त्याच दिवशी मेरिलँडचे प्रतिनिधी ल्यूथर मार्टिन यांनी दुसरा मार्ग सुचवला: काँग्रेसचे कायदे राज्यांवर बंधनकारक असावेत आणि राज्यांच्या न्यायालयांनी आपल्या राज्याच्या कायद्यात काहीही असले तरी त्यानुसार निवाडे द्यावेत. थोड्याफार बदलांनंतर अमेरिकी घटनेच्या सहाव्या अनुच्छेदातील वर्चस्वाचे प्रसिद्ध कलम झाले ते हेच.

या दोन मार्गांतला फरक मला फार मोलाचा वाटतो. नकाराधिकार म्हणजे राजकीय वरिष्ठाने कनिष्ठाचे काम तपासणे. वर्चस्वाचे कलम न्यायाधीशाला उद्देशून आहे. समोरच्या खटल्यात दोन कायदे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, तरच ते जागे होते आणि त्या खटल्यापुरता निर्णय देते. राज्याच्या विधिमंडळाला ते कोणाच्याही हाताखाली ठेवत नाही. गंमत अशी की, ज्या मार्टिन यांनी हे कलम सुचवले, ते पुढे या घटनेचे कडवे विरोधक झाले, आणि १८१९ मध्ये मॅकलक विरुद्ध मेरिलँड या खटल्यात राज्याच्या बाजूने, म्हणजे याच कलमाच्या विस्ताराविरुद्ध, त्यांनी युक्तिवाद केला. मेरिलँडने राष्ट्रीय बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर कर लावला होता. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी आधी काँग्रेसला बँक स्थापण्याचा अधिकार आहे का हे तपासले आणि तो आहे असे ठरवल्यानंतरच दुसऱ्या प्रश्नाला हात घातला: वैधपणे स्थापलेल्या राष्ट्रीय संस्थेवर राज्याला कर लावता येईल का? कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार अनुस्यूत आहे, हे त्यांचे विधान विख्यात आहे. या निकालाचा पहिला भाग दुसऱ्याइतका उद्धृत होत नाही. वास्तविक निकालाचा सारा भार पहिल्या भागावर आहे.

साउथ कॅरोलायनाने १८३२ मध्ये संघीय आयात शुल्काचे कायदे आपल्या हद्दीत निष्प्रभ असल्याचे जाहीर केले, तेव्हा प्रश्न न्यायालयाबाहेर पडला. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी लष्करी बळाच्या वापराची तयारी केली, काँग्रेसने शुल्क कमी केले आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. संघीय कायदा घटनाबाह्य आहे की नाही, हे प्रत्येक राज्याने स्वतःपुरते ठरवायचे म्हटले तर संघराज्य उरत नाही, हा मुद्दा त्यातून ठळक झाला.

आता दुसरी आणि माझ्या मते सर्वांत कठीण अट: कायद्यांमध्ये विसंगती असणे म्हणजे काय? सर्वांत सोपा प्रकार असा, की एक कायदा पाळला तर दुसरा मोडतोच. असे प्रसंग प्रत्यक्षात थोडे असतात, कारण कायदे करणारे इतके बेसावध क्वचितच असतात. बहुतेक खटल्यांमध्ये दोन्ही कायदे एकाच वेळी पाळणे शक्य असते, आणि तरीही त्यांचे एकत्र राहणे योग्य आहे का, असा प्रश्न असतो. ऑस्ट्रेलियात १९२६ च्या क्लाइड इंजिनिअरिंग खटल्यात न्यू साउथ वेल्सचा कायदा आठवड्याला ४४ तास काम केल्यावर कामगाराला पूर्ण मजुरी देत होता, तर संघीय लवादाच्या निवाड्यात ४८ तासांचा आठवडा होता. मालकाने ४४ तासच काम दिले आणि पूर्ण मजुरी दिली, तर दोन्हींचा भंग टाळता आला असता, असे म्हणता येत होते. उच्च न्यायालयाने, जे तिथले सर्वोच्च न्यायालय आहे, ते मान्य केले नाही. न्यायमूर्ती आयझॅक्स यांनी तिथे मांडलेली कसोटी पुढे जगभर गेली: राष्ट्रीय विधिमंडळाने एखाद्या क्षेत्राचा संपूर्ण ताबा घेण्याचा हेतू दाखवला असेल, तर त्या क्षेत्रात राज्याचे पाऊल पडणे हीच विसंगती.

भारतीय न्यायालयांनी ही कसोटी स्वीकारली, आणि तिचे टोक आपल्याला २०२१ च्या पश्चिम बंगालच्या निकालात दिसते. संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा केला, जो आपण ‘रेरा’ म्हणून ओळखतो. पश्चिम बंगालने तो लागू करण्याऐवजी २०१७ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला, ज्याला ‘हिरा’ असे संक्षिप्त नाव मिळाले. त्यातल्या बहुतांश तरतुदी रेरावरून शब्दशः उचललेल्या होत्या. काही ठिकाणी मात्र ग्राहकाचे संरक्षण सौम्य झाले होते. राज्याचा युक्तिवाद असा की, दोन्ही कायदे सारखेच आहेत, मग विसंगती कुठली? शिवाय आपला कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, असे रेरा स्वतःच म्हणतो. न्यायालयाने हे दोन्ही मुद्दे नाकारले. केंद्राच्या कायद्यातला मजकूर जसाच्या तसा उचलून त्याच विषयावर समांतर यंत्रणा उभी करणे हेच विसंगतीचे लक्षण आहे, आणि या कायद्याला राष्ट्रपतींची अनुमतीही नव्हती, म्हणून तो शून्य ठरला. तोवर त्याखाली झालेल्या नोंदण्या आणि दिलेल्या मंजुऱ्या न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात वाचवल्या, नाहीतर हजारो व्यवहार अधांतरी राहिले असते.

कॅनडात हेच प्रकरण गेले असते तर निकाल बहुधा उलट लागला असता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये कंपन्यांमधील अंतर्गत माहितीच्या आधारे होणाऱ्या समभाग व्यवहारांविषयीचे संघीय आणि ऑन्टेरिओ प्रांताचे जवळजवळ एकसारखे कायदे तपासले आणि त्यांत संघर्ष नाही, असे सांगितले. दोन्ही कायदे एकच गोष्ट सांगत असतील, तर पाळणाऱ्याची अडचण होत नाही. पीडिताला दोनदा भरपाई मिळू नये एवढे पाहिले की झाले. केंद्राचा हेतू निष्फळ करणारा प्रांतिक कायदाही मागे पडतो, अशी दुसरी कसोटी तिथल्या न्यायालयांनी नंतर जोडली, पण नुसत्या सारखेपणाला त्यांनी दोष मानले नाही.

या दोन्ही दृष्टिकोनांपैकी मला कॅनडाचा अधिक पटतो, आणि त्याचे कारण राज्यांविषयीचे ममत्व एवढेच नाही. क्षेत्राचा ताबा घेतला जातो तो केंद्रीय विधिमंडळाच्या हेतूने, आणि तो हेतू बहुतेक वेळा कायद्यात लिहिलेला नसतो. न्यायाधीशाला तो शोधावा लागतो. कायद्याच्या मौनाला असे कायद्याचे बळ मिळते. १९७९ च्या करुणानिधी खटल्यात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने बराच संयम दाखवला होता. सार्वजनिक पदांवरील व्यक्तींच्या गैरवर्तनाविषयीचा तमिळनाडूचा कायदा केंद्राच्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याशी विसंगत नाही, कारण त्याने निराळे गुन्हे निर्माण केले आहेत, असे सांगताना न्यायालयाने अपेक्षा ठेवली ती स्पष्ट, थेट आणि मेळ घालताच न येणाऱ्या विसंगतीची. शक्य तोवर दोन्ही कायदे जगू द्यावेत, हा त्यामागचा कल होता. बंगालच्या निकालातही या कसोट्यांची उजळणी आहे. पण समांतर यंत्रणेचा मुद्दा आला की हा संयम मागे पडतो. अर्थात बंगालच्या बाबतीत ग्राहकांचे संरक्षण खरोखरच पातळ झाले होते, आणि तेवढ्या तरतुदींपुरता कायदा रद्द करूनही न्यायालयाला थांबता आले असते.

आपल्या घटनेने मात्र या नियमाला एक दार ठेवले आहे, जे अमेरिका वा ऑस्ट्रेलिया यांच्या घटनांमध्ये नाही. अनुच्छेद २५४ च्या दुसऱ्या खंडानुसार समवर्ती सूचीतील विषयावर राज्याने केलेला कायदा आधीच्या केंद्रीय कायद्याशी विसंगत असला, तरी तो राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला गेला असेल आणि त्याला त्यांची अनुमती मिळाली असेल, तर त्या राज्यापुरता तोच चालतो. हे दार कसे उघडते, ते महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतींच्या निमित्ताने पाहिले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध हा समवर्ती सूचीतला विषय आहे आणि त्यावर १९६० चा केंद्रीय कायदा आहे. तमिळनाडूने २००९ मध्ये जल्लिकट्टूचे, म्हणजे बैलाला आवरण्याच्या तिथल्या पारंपरिक खेळाचे, नियमन करणारा कायदा राष्ट्रपतींच्या अनुमतीवाचून केला होता. तो केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरून २०१४ मध्ये रद्द झाला आणि त्याच निकालाने महाराष्ट्रातील शर्यतीही थांबल्या. त्यानंतर २०१७ मध्ये तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी केंद्रीय कायद्यात राज्यापुरत्या दुरुस्त्या केल्या आणि या वेळी राष्ट्रपतींची अनुमती घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये या तिन्ही दुरुस्त्या वैध ठरवल्या. विषय तोच होता, केंद्रीय कायदाही तोच. फरक पडला तो दुरुस्त्यांतील नियमनामुळे आणि अनुमतीमुळे.

हे दार उघडण्याची रीतही काटेकोर आहे. अनुमती सरसकट मागून चालत नाही; राज्याचा कायदा कोणत्या केंद्रीय कायद्याशी विसंगत आहे, ते राष्ट्रपतींसमोर ठेवावे लागते. मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या बाबतीत २००२ च्या कैसर-ए-हिंद खटल्यात हाच दोष निघाला. त्या कायद्याची मुदत वाढवताना अनुमती मागितली होती ती मालमत्ता हस्तांतरण कायद्यासारख्या केंद्रीय कायद्यांच्या संदर्भात. सार्वजनिक जागांवरील अनधिकृत वहिवाट हटवण्याविषयीच्या १९७१ च्या केंद्रीय कायद्याचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणून त्या कायद्यापुरती अनुमती मिळालीच नाही असे धरले गेले, आणि सार्वजनिक उपक्रमांच्या इमारतींतील भाडेकरूंना भाडे नियंत्रणाचे संरक्षण उरले नाही. मंत्रालयातून गेलेल्या टिपणीतील एका कायद्याचे नाव राहिले, तर कुणाचे घर किंवा दुकान जाऊ शकते, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

शिवाय दार उघडले तरी ते कायमचे उघडे राहत नाही. महाराष्ट्राने घरबांधणी क्षेत्राच्या नियमनासाठी २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला होता, त्याला राष्ट्रपतींची अनुमतीही मिळाली होती. संसदेने रेरा करताना त्याच्या कलम ९२ मध्ये महाराष्ट्राच्या या कायद्याचे नाव घेऊन तो निरसित केला. ज्वारीच्या खटल्यात संसदेने जे अप्रत्यक्षपणे केले होते, ते इथे थेट केले. अनुमती देणारे राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि निर्णय कधी घ्यावा याची मुदत घटनेने घातलेली नाही, हे लक्षात घेतले, तर या दाराची किल्ली कोणाकडे आहे ते वेगळे सांगायला नको. मॅडिसन यांना जो राजकीय नकाराधिकार मिळाला नाही, तो समवर्ती सूचीपुरता आपल्याकडे वेगळ्या रूपात नांदतो आहे, असे मला अनेकदा वाटते.

इतर देशांनीही असे अपवाद केले आहेत आणि काही तर आपल्याहून धीट आहेत. कॅनडात निवृत्तिवेतनाच्या विषयात संघीय कायद्याने प्रांतिक कायद्याला बाधा आणायची नाही, असे घटनेनेच सांगितले आहे; क्विबेकची स्वतंत्र निवृत्तिवेतन योजना त्याच आधारावर उभी आहे. जर्मनीने २००६ च्या सुधारणेत शिकार, निसर्गसंरक्षण अशा काही विषयांत राज्यांना केंद्रीय कायद्यापासून फारकत घेण्याची मुभा दिली आणि तिथे नंतर झालेला कायदा आधीच्या कायद्यावर चालतो, मग तो कोणाचाही असो. राष्ट्राध्यक्षांची संमती त्यासाठी लागत नाही.

हरलेल्या कायद्याचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ऑस्ट्रेलियात तो केवळ निष्क्रिय होतो. केंद्राने आपला कायदा मागे घेतला, की राज्याचा झोपलेला कायदा पुन्हा उठतो, त्यासाठी नव्याने काही करावे लागत नाही. मात्र एकदा निर्माण झालेली विसंगती पूर्वलक्षी प्रभावाने पुसून टाकणे केंद्रालाही जमत नाही, असा निर्णय तिथे १९८४ मध्ये झाला; त्या वेळी राज्याच्या कायद्याला तारण्यासाठीच केंद्राने तसा प्रयत्न केला होता. जर्मनीतले हेसे राज्याचे उदाहरण तर या संदर्भात अद्वितीय म्हणावे लागेल. त्या राज्याच्या १९४६ च्या घटनेत मृत्युदंडाची तरतूद होती. १९४९ च्या राष्ट्रीय घटनेने मृत्युदंड रद्द केला, त्यामुळे हेसेची तरतूद निष्प्रभ झाली, पण ती छापील घटनेत तशीच राहिली आणि २०१८ च्या सार्वमतानंतरच काढली गेली.

एक मर्यादा अजून उरते आणि ती अंमलबजावणीची आहे. संघीय कायदा श्रेष्ठ असला, तरी तो राबवण्यासाठी राज्याची यंत्रणा कामाला जुंपता येते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर नकारार्थी आहे. १९९७ मध्ये त्याने बंदुकांच्या खरेदीदारांची पूर्वतपासणी करण्याचे काम स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर लादणारी संघीय तरतूद रद्द केली, आणि २०१८ मध्ये खेळांवरील सट्ट्याला परवानगी देण्यास राज्यांना मज्जाव करणारा कायदाही याच तत्त्वावर पडला. गांजाच्या बाबतीत याचे परिणाम ठळकपणे दिसतात. घरच्या घरी, औषधी वापरासाठी पिकवलेल्या गांजावरही संघीय बंदी लागू होते, असे न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. कॅलिफोर्नियाने १९९६ पासून तशा वापराला दिलेली मुभा संघीय खटल्यातून बचाव म्हणून चालत नाही. तरीही २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी मौजेसाठीचा वापरही कायदेशीर केला. राज्याने आपली शिक्षा काढून घेतली आणि आपले पोलीस या कामाला लावले नाहीत, तर वर्चस्वाचे कलम त्याला ते करायला भाग पाडू शकत नाही. कागदावर श्रेष्ठ असलेला कायदा केवळ संघीय अधिकाऱ्यांच्या मनुष्यबळावर चालवावा लागतो, आणि ते अपुरे पडते.

भारतात हा मार्ग राज्यांना उपलब्ध नाही. अनुच्छेद २५६ नुसार राज्याने आपला कार्यकारी अधिकार संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशा रीतीने वापरला पाहिजे आणि त्यासाठी केंद्राला राज्याला निदेश देता येतात. ते पाळले नाहीत, तर अनुच्छेद ३६५ नुसार राज्यात घटनेप्रमाणे शासन चालवता येत नाही असे राष्ट्रपतींनी मानणे कायदेशीर ठरते. त्यामुळे आपल्याकडे न पटलेल्या केंद्रीय कायद्याला राज्ये उघडपणे नाकारत नाहीत. त्याखालचे नियम करायला वेळ लावणे, प्राधिकरणे न नेमणे, विधिमंडळात विरोधाचे ठराव करणे किंवा समवर्ती विषयावर वेगळे विधेयक मंजूर करून ते अनुमतीसाठी दिल्लीला पाठवणे, अशा वाटा ती धरतात.